पायरोल, पिरिडीन, प्युरीन: नायट्रोजनच्या वलयांबाबत या चुका टाळा

कागदावर पिरिडीन आणि पायरोल शेजारी शेजारी काढा. दोन्हींत एकेक नायट्रोजन आहे, दोन्ही ॲरोमॅटिक आहेत (म्हणजे वलयभर पसरलेल्या पाय-इलेक्ट्रॉनांमुळे खास स्थिर) आणि दोन्हींत सहा पाय-इलेक्ट्रॉन फिरतात. तरीही पिरिडीनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए ५.२ आहे आणि पायरोलचा उणे ३.८. (संयुग्मी आम्ल म्हणजे बेसने प्रोटॉन घेतल्यावरचं रूप; त्याचा पीकेए जितका मोठा, तितका बेस बळकट.) म्हणजे फरक नऊ घातांचा, अब्जपट. या फरकाचं कारण ज्याला नीट समजलं, त्याला हिस्टिडीन, डीएनएचे बेस, हीम आणि एनएडी समजायला फार वेळ लागत नाही. ज्याने ते पाठ करून सोडून दिलं, त्याचा घोळ परीक्षेतही होतो आणि प्रयोगशाळेतही.

कारण एकच आहे: नायट्रोजनची लोन पेअर, म्हणजे एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी, नेमकी कुठे आहे? वलयाच्या पाय-प्रणालीत गुंतली आहे, की वलयाच्या प्रतलात बाहेरच्या बाजूला मोकळी आहे? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

चूक: नायट्रोजन दिसला की त्याची लोन पेअर मोजणीत धरणं

पिरिडीनचे पाय-इलेक्ट्रॉन आठ सांगणारी उत्तरं दरवर्षी दिसतात. तीन दुहेरी बंधांचे सहा, वर नायट्रोजनची जोडी, झाले आठ. मग “ह्युकेलच्या नियमात बसत नाही, म्हणून ॲरोमॅटिक नाही” असा निष्कर्ष. (ह्युकेलचा नियम: २, ६, १० असे ४एन+२ पाय-इलेक्ट्रॉन असलेलं सपाट वलय ॲरोमॅटिक.) मोजताना हा क्रम ठेवा:

१. आधी वलयातले दुहेरी बंध नीट काढा. प्रत्येकाचे दोन इलेक्ट्रॉन.
२. आता एकेक नायट्रोजन पाहा. तो वलयातल्या दुहेरी बंधाचा भाग असेल, तर त्याचा वाटा त्या बंधातून आधीच मोजला गेला आहे. त्याची लोन पेअर प्रतलात बाहेर तोंड करून आहे. ती मोजायची नाही.
३. नायट्रोजनला वलयात दोन्ही बाजूंनी एकेरीच बंध असतील आणि तिसऱ्या जागी हायड्रोजन, मिथिल किंवा साखर असेल, तर त्याची जोडी पाय-प्रणालीत आहे. तिचे दोन इलेक्ट्रॉन मोजायचे.
४. नायट्रोजन धनभारित असून दुहेरी बंधात असेल, तर त्याच्याकडे लोन पेअर उरलेलीच नाही. मोजणी बदलत नाही, ॲरोमॅटिकपणाही जात नाही.

हे इमिडाझोलवर करून पाहा. दोन दुहेरी बंधांचे चार आणि एनएच-नायट्रोजनचे दोन, एकूण सहा. दुसऱ्या नायट्रोजनची जोडी बाहेर मोकळी. प्युरीनमध्ये चार दुहेरी बंधांचे आठ आणि एका एनएचचे दोन, एकूण दहा. इंडोललाही दहाच.

उलट चूकही होते: नायट्रोजन असलेलं प्रत्येक वलय ॲरोमॅटिक समजणं. प्रोलीनमधलं पायरोलिडीन वलय ॲरोमॅटिक नाही, पिपरिडीनही नाही. नावं सारखी वाटतात, पण पायरोलिडीनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए ११.३ आहे, पायरोलशी त्याचा काही मेळ नाही.

चूक: “नायट्रोजन आहे, म्हणजे बेस आहे”

पायरोलच्या नायट्रोजनने प्रोटॉन घेतला, तर वलयातले दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात आणि ॲरोमॅटिक स्थैर्य जातं. म्हणून तीव्र आम्लात प्रोटॉन नायट्रोजनवर न जाता मुख्यतः दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर बसतो, आणि तसं झालेलं पायरोल शेजारच्या रेणूंशी जोडलं जाऊन काळपट राळ तयार होते. पायरोलवर तीव्र आम्लात नायट्रेशन करायला गेलात आणि फ्लास्कमध्ये डांबर मिळालं, तर कारण हेच. बाटलीतलं पायरोल हवेने आणि उजेडानेही तपकिरी होतं. वापरण्याआधी ऊर्ध्वपातन करून घ्यावं (उत्कलनबिंदू सुमारे १३० अंश) आणि उरलेलं नायट्रोजन वायूखाली, थंडीत, अंधारात ठेवावं.

द्विध्रुवाची दिशाही याच कारणाने उलटते. पिरिडीनमध्ये नायट्रोजन ऋण टोकाला असतो, पायरोलमध्ये धन टोकाला. चित्रात बाण काढताना हे हमखास चुकतं.

दुसरा फसवा नायट्रोजन म्हणजे वलयाला बाहेरून लावलेला अमिनो गट. ॲडेनीनचा एनएच-दोन गट पाहून तो बेस आहे असं वाटतं. पण त्याची जोडी ॲनिलीनसारखी वलयात ओढली गेलेली असते. ॲडेनीन आम्लात गेलं की प्रोटॉन बसतो एन-१ वर (वलयातल्या १ क्रमांकाच्या नायट्रोजनवर), पीकेए सुमारे ४.२. सायटोसीनमध्ये तो एन-३ वर बसतो, पीकेए सुमारे ४.५. सेंद्रिय संश्लेषणात वापरलं जाणारं चार-डायमिथिलअमिनोपिरिडीनही असंच वागतं: बाहेरचा अमिनो गट आपली जोडी वलयाला देतो, आणि त्यामुळे वलयातला नायट्रोजन अधिक बळकट बेस होतो, पीकेए ९.७ च्या आसपास.

निकोटीन हे याचं उत्तम उदाहरण आहे. एकाच रेणूत दोन वलयं: एक पिरिडीनचं, ॲरोमॅटिक, दुसरं पायरोलिडीनचं, साधं. पुष्कळ जण पिरिडीनच्या नायट्रोजनला मुख्य बेस मानतात. प्रत्यक्षात त्याचा पीकेए सुमारे ३.१ आहे आणि पायरोलिडीनच्या नायट्रोजनचा सुमारे ८. पीएच ७.४ ला हिशेब करा: भाररहित निकोटीन जेमतेम २० टक्के. पीएच ९ ला तेच ९१ टक्के होतं. तोंडाच्या अस्तरातून भाररहित रेणू झपाट्याने आत शिरतो, भारित रेणू अडतो. तळहातावर तंबाखू चुन्याबरोबर मळतात तेव्हा हेच घडतं: चुना पीएच वाढवतो, निकोटीनवरचा प्रोटॉन सुटतो आणि ते रक्तात लवकर पोहोचतं. चुन्याने तंबाखू “लागते” ती या पायरोलिडीनच्या नायट्रोजनमुळे. व्यसन घट्ट होण्याचा आणि तोंडाला इजा होण्याचा रस्ताही तोच, म्हणून मुलांना हे समजावताना रसायन अर्धवट सांगू नये.

चूक: हिस्टिडीनला एकच रूप आहे असं धरणं

हिस्टिडीनच्या बाजूच्या साखळीत इमिडाझोल आहे. त्यातला एक नायट्रोजन पायरोलसारखा, दुसरा पिरिडीनसारखा. प्रोटॉन मिळाला की दोन्ही सारखे होतात आणि धनभार दोघांत वाटला जातो. प्रोटॉन गेला की कोण एनएच राहील ते आजूबाजूवर ठरतं. म्हणजे रूपं तीन: हायड्रोजन डेल्टा-नायट्रोजनवर (साखळीजवळचा), हायड्रोजन एप्सिलॉन-नायट्रोजनवर (दूरचा), किंवा दोन्हींवर.

पहिली गल्लत पीकेएची. पुस्तकात ६.० दिलेला असतो. त्यावरून पीएच ७.४ ला फक्त ४ टक्के हिस्टिडीन प्रोटॉनयुक्त निघतं. हा आकडा पाण्यात मोकळ्या असलेल्या साखळीचा आहे. प्रथिनात शेजारी ॲस्पार्टेट असेल तर पीकेए वर सरकतो, आसपास पाणी टाळणारे गट असतील तर खाली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं शेवटचं, १४६ वं हिस्टिडीन पाहा. ऑक्सिजन नसताना ते ९४ व्या ॲस्पार्टेटशी भारबंध करतं आणि त्याचा पीकेए ८ च्या जवळ जातो. ऑक्सिजन जोडला की बंध तुटतो, पीकेए ७ च्या जवळ येतो. स्नायूंत आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं, त्या बोहर परिणामाचा मोठा वाटा या एका इमिडाझोलचा आहे. ६.० धरून गणित केलंत तर हा परिणाम दिसणारच नाही.

दुसरी गल्लत संगणकावर होते. क्ष-किरणांनी मिळवलेल्या नेहमीच्या रचनांत हायड्रोजन दिसत नाहीत. शिवाय त्या विभेदनाला कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला फरकही कळत नाही, त्यामुळे वलय १८० अंशांत उलटं बसवलेलं असू शकतं. डॉकिंग (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहणं) किंवा सिम्युलेशन सुरू करताना सॉफ्टवेअर सगळ्या हिस्टिडीनना एकच डिफॉल्ट रूप देऊन मोकळं होतं आणि एन्झाइमची सक्रिय जागा तिथेच बिघडते. कायमोट्रिप्सिनमध्ये ५७ व्या हिस्टिडीनचा डेल्टा-नायट्रोजन हायड्रोजन धरून १०२ व्या ॲस्पार्टेटकडे पाहतो, आणि एप्सिलॉन-नायट्रोजन मोकळ्या जोडीने १९५ व्या सेरीनचा प्रोटॉन ओढतो. हायड्रोजन एप्सिलॉनवर ठेवलात तर सेरीनचा प्रोटॉन घेणार कोण? म्हणून सक्रिय जागेतलं आणि धातूजवळचं प्रत्येक हिस्टिडीन हाताने तपासा: चार अँगस्ट्रॉमच्या आत कोण आहे, हायड्रोजन देणारा की घेणारा, आणि धातू असेल तर तो कोणत्या नायट्रोजनला धरून आहे. धातूला लागलेल्या नायट्रोजनवर हायड्रोजन ठेवायचा नसतो.

तिसरी गल्लत निकेलच्या स्तंभावर होते, आणि इथे वेळ व पैसा दोन्ही जातात. सहा हिस्टिडीनची शेपटी लावलेलं प्रथिन निकेलला धरतं ते इमिडाझोलच्या मोकळ्या जोडीने. त्यामुळे:

- बांधणीचा बफर पीएच ७.५ ते ८ ला ठेवा. पीएच ६ च्या खाली गेला की जोड्या प्रोटॉनने अडतात आणि प्रथिन न थांबता वाहून जातं.
- धुण्यासाठी २० ते ४० मिलिमोलर आणि सोडवण्यासाठी २५० ते ३०० मिलिमोलर इमिडाझोल बहुतेक प्रथिनांना पुरतं. धुतानाच प्रथिन येऊ लागलं तर इमिडाझोल कमी करा; सोडवलेल्या भागात नको असलेली प्रथिनं असतील तर धुण्यात थोडं वाढवा.
- इमिडाझोलचं साठवण द्रावण पीएच न जुळवता वापरणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. १ मोलर द्रावणाला १०० मिलिलिटरमागे ६.८ ग्रॅम लागतं, आणि नुसत्या पाण्यात त्याचा पीएच १० च्या वर जातो. २० मिलिमोलर फॉस्फेटच्या बफरमध्ये ते ३०० मिलिमोलरपर्यंत घातलंत, तर बफर ते पेलू शकत नाही. पीएच ९ च्या आसपास पोहोचतो आणि कित्येक प्रथिनं तिथेच साका होऊन बसतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने ८ ला आणून मगच मिसळा.
- बफरमध्ये ईडीटीए नको, तो निकेलच काढून नेतो. स्तंभ तपकिरी झाला तर क्षपणक जास्त झाला आहे. फिकट पांढरा झाला तर निकेल गेलं आहे.
- प्रथिन मोजताना शून्य साधायला तोच इमिडाझोल असलेला बफर घ्या, कारण कमी शुद्धतेचं इमिडाझोल २८० नॅनोमीटरला शोषण देतं. बायसिंकोनिनिक आम्लाच्या पद्धतीत तर तांब्याशीच त्याची गाठ पडते. आधी डायलिसिस करा किंवा ब्रॅडफर्ड पद्धत वापरा.

चूक: डीएनएचे बेस चुकीच्या टॉटोमर रूपात काढणं

टॉटोमर म्हणजे एकाच रेणूची, हायड्रोजन आणि दुहेरी बंध यांची जागा तेवढी बदललेली रूपं. ही चूक किती महागात पडू शकते याची नोंद विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजला जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे बेस कापून जोड्या जुळवत होते. हाताशी असलेल्या पुस्तकांत ग्वानीन आणि थायमीन ईनॉल रूपात छापलेले होते, म्हणजे ऑक्सिजनवर हायड्रोजन. त्या आकारांनी सारख्याला सारखा बेस जोडण्याची कल्पना पुढे आली. त्याच खोलीत बसणारे अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी सांगितलं की ही रूपं चुकीची आहेत, कीटो रूप घ्या. हायड्रोजन ऑक्सिजनवरून वलयातल्या नायट्रोजनवर आला आणि ॲडेनीन-थायमीन व ग्वानीन-सायटोसीन या जोड्या एकाच मापाच्या निघाल्या. २५ एप्रिल १९५३ ला रचना प्रसिद्ध झाली. सगळा फरक एका प्रोटॉनच्या जागेचा.

आजही वहीत थायमीन काढताना “ॲरोमॅटिक दिसलं पाहिजे” म्हणून तीन दुहेरी बंध आणि दोन ओएच काढले जातात. तसं करू नका. कीटो रूपात एनएचच्या जोड्या वलयात येतात आणि कार्बोनिल इलेक्ट्रॉन बाहेर ओढतात. वलय सपाट राहतं, एकावर एक रचलं जातं आणि २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं.

क्रमांकांचा गोंधळ वेगळाच. पिरिमिडीन आणि प्युरीन यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. प्युरीनची क्रमवारी एमिल फिशर यांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि नियमाला अपवाद म्हणूनच टिकवलेली आहे. लक्षात ठेवण्यासाठी दोन गोष्टी पुरतात. साखर पिरिमिडीनच्या एन-१ ला आणि प्युरीनच्या एन-९ ला जोडलेली असते. जोडीतला मधला हायड्रोजन बंध नेहमी प्युरीनच्या एन-१ आणि पिरिमिडीनच्या एन-३ यांच्यात असतो. ॲडेनीन-थायमीनमध्ये हायड्रोजन थायमीन देतो, ग्वानीन-सायटोसीनमध्ये ग्वानीन.

आता लोन पेअरचा प्रश्न ग्वानीनला विचारा. एन-९ ची जोडी वलयात गुंतलेली. एन-१ वर हायड्रोजन, तो जोडीदाराशी बांधलेला. डीएनएच्या मोठ्या खाचेत उघडा राहतो तो एन-७: जोडी बाहेर मोकळी. म्हणून सिसप्लॅटिन या कर्करोगाच्या औषधातलं प्लॅटिनम तिथेच जाऊन बसतं, आणि मिथिल चढवणारी बहुतेक रसायनंही तिथेच घाव घालतात. एन-७ ला मिथिल लागलं की वलय धनभारित होतं, साखरेचा बंध सैल होतो आणि बेस गळून पडतो. ही यादी पाठ करायची गरज नाही. कागदावर जोड्या काढल्या की उत्तर समोर येतं.

प्युरीनबद्दल घरोघरी होणारी एक गल्लत इथेच सांगून टाकतो. कॅफीन हे प्युरीन आहे हे वाचून युरिक ॲसिड वाढलेल्या माणसाचा चहा-कॉफी बंद केली जाते. कॅफीनवर तीन मिथिल गट असतात. शरीर त्याचं रूपांतर मिथिल-युरिक आम्लांत आणि इतर पदार्थांत करतं, संधिवाताच्या स्फटिकांना कारण होणाऱ्या युरिक आम्लात नाही. युरिक आम्ल येतं ते ॲडेनीन आणि ग्वानीन यांच्या विघटनातून.

चूक: हीममधले चारही पायरोल सारखे समजणं

“हीम म्हणजे चार पायरोल आणि मध्ये लोह” हे वाक्य बरोबर असूनही दिशाभूल करतं. सुटं पायरोल धातूला नीट धरतच नाही, कारण त्याची जोडी मोकळी नाही. लोह नसलेल्या पॉर्फिरिनमध्ये चारपैकी दोनच नायट्रोजनवर हायड्रोजन असतो. उरलेले दोन पिरिडीनच्या धर्तीचे, मोकळ्या जोडीचे. लोह आत येताना ते दोन हायड्रोजन प्रोटॉन होऊन बाहेर पडतात, वलयावर दोन ऋणभार येतात आणि मग चारही नायट्रोजन लोहाला सारखे धरतात. आकृतीत लोहाला जोडलेल्या नायट्रोजनवर एनएच काढलंत तर ती चूक आहे.

ही क्रिया उलटी फिरलेली स्वयंपाकघरात दिसते. अळूच्या फतफद्यात चिंच पडली की हिरवागार रंग उतरून शेवाळी-खाकी होतो. क्लोरोफिलमध्ये लोहाच्या जागी मॅग्नेशियम असतं, आणि त्याची पकड सैल. चिंचेच्या आम्लातले दोन प्रोटॉन नायट्रोजनवर बसतात आणि मॅग्नेशियम बाहेर पडतं. उरतं ते फिओफायटिन. प्रयोगशाळेत पानांतलं क्लोरोफिल मोजताना नेमकी हीच चूक घडते. पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये वाटलं की पेशींतली सेंद्रिय आम्लं सुटतात, अर्क पिवळट पडतो आणि ६६३ नॅनोमीटरचा आकडा कमी येतो. वाटतानाच चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घाला, अर्क बर्फावर आणि अंधारात ठेवा, आणि शक्य तितक्या लवकर वाचन घ्या.

आणि बी-१२ ला पॉर्फिरिनच्या रांगेत बसवू नका. त्याचं कोरिन वलय दिसायला तसंच, पण त्यात एक कार्बन कमी आहे, बरेच कार्बन संपृक्त आहेत, आणि ते वलय ॲरोमॅटिक नाही. बी-१२ मधला ॲरोमॅटिक भाग म्हणजे कोबाल्टला खालून धरणारं डायमिथिलबेंझिमिडाझोल.

चूक: एनएडीचा धनभार आणि ३४० नॅनोमीटरचा हिशेब

एनएडी हे पेशीत इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारं सहएन्झाइम; एनएडी-प्लसने हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनांसह हायड्रोजन) घेतला की एनएडीएच होतं. एनएडी-प्लस या नावामुळे सगळा रेणू धनभारित आहे असं वाटतं. धनभार फक्त निकोटिनामाइडच्या वलयातल्या नायट्रोजनवर आहे. फॉस्फेट धरले तर पीएच ७ ला एकूण भार ऋण आहे. हायड्राइड त्या नायट्रोजनवर बसतो अशी आकृतीही काढली जाते. तो बसतो त्याच्या समोरच्या, चौथ्या कार्बनवर. त्यासरशी वलयाचा ॲरोमॅटिकपणा जातो, नायट्रोजनची जोडी मोकळी होऊन दुहेरी बंधांशी जुळते, आणि ३४० नॅनोमीटरला नवं शोषण दिसू लागतं. ॲरोमॅटिकपणा परत मिळवण्याची ओढ हीच एनएडीएचची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद.

एनएडीएचचा मोलर शोषणांक ३४० ला ६२२० आहे. १ मिलिलिटर मिश्रणात, १ सेंटीमीटर मार्गात, मिनिटाला ०.३११ इतका फरक पडला, तर ०.०५ मिलिमोलर म्हणजे ०.०५ मायक्रोमोल दर मिनिटाला, ०.०५ एकक. हाच आकडा ९६ खड्ड्यांच्या प्लेटला जसाच्या तसा लावणं चूक आहे: २०० मायक्रोलिटरला प्रकाशाचा मार्ग अर्धा सेंटीमीटर किंवा किंचित जास्त असतो, त्यामुळे एन्झाइम जवळपास अर्ध्या ताकदीचं दिसतं. मार्गाची लांबी मोजून भागा.

साठवणीतही दोघांचे स्वभाव उलटे. एनएडीएच आम्लात बिघडतं, एनएडी-प्लस अल्कलीत. म्हणून एनएडीएच पीएच ८ च्या आसपासच्या बफरमध्ये, त्याच दिवशी, बर्फावर बनवा. एनएडी-प्लस उदासीन पाण्यात. दोघांना एकाच बफरमध्ये विरघळवून आठवडाभर वापरलंत तर एकाचा आकडा रोज घसरत जाईल, आणि दोष एन्झाइमला दिला जाईल.

चूक: वलय म्हणजे कायमचं वलय असं मानणं

नायॅसिन हे जीवनसत्त्व पिरिडीनचं, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल इंडोलचं. दोघांचा संबंध काय असा प्रश्न पडतो. यकृत ट्रिप्टोफॅनचं इंडोल वलय फोडतं, कायन्युरेनीन बनवतं आणि पुढे त्यातूनच पिरिडीनचं वलय मिटवतं. आहारशास्त्रात ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन म्हणजे १ मिलिग्रॅम नायॅसिन असा हिशेब धरतात. या वाटेवरच्या एका एन्झाइमला बी-६ लागतं, म्हणून बी-६ कमी पडलं की नायॅसिनचीही ओढ लागते. त्वचा काळवंडून सोलवटणारा पेलाग्रा हा रोग मक्यावर जगणाऱ्यांत जगभर दिसला, तसा दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही. हैदराबादला सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जास्त ल्यूसीनशी त्याचा संबंध जोडला. त्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असले की हा प्रश्न उभा राहत नाही.

आयसोनायझिड या क्षयाच्या औषधाबाबत उलट दिशेची चूक होते. त्यातही पिरिडीन आहे, बी-६ मध्येही पिरिडीन आहे, म्हणून “वलयं सारखी, त्यामुळे बी-६ कमी पडतं” असं लिहिलं जातं. खरं काम वलय करत नाही. औषधातला हायड्रॅझाइड गट बी-६ च्या अल्डिहाइडशी जोडला जाऊन हायड्रॅझोन बनतो आणि बी-६ निकामी होतं. हातापायांना मुंग्या येतात त्या यामुळे, आणि म्हणून डॉक्टर सोबत पिरिडॉक्सिन देतात. जंतूला मारण्याची रीत वेगळी: जंतूचं स्वतःचंच एन्झाइम औषध फोडतं, तयार झालेला तुकडा एनएडीच्या चौथ्या कार्बनला चिकटतो, आणि पेशीभित्तीची मेदाम्लं बनवणारं एन्झाइम अडतं. जिथे हायड्राइड बसायचा, तिथेच.

ट्रिप्टोफॅन, इंडोल आणि पिरिडीन: टेबलावरच्या काही गोष्टी

ट्रिप्टोफॅनचा इंडोल-नायट्रोजन बेस नाही. प्रथिनाचा समविद्युत बिंदू काढताना त्याचा भार मोजू नका. २८० नॅनोमीटरला मात्र सगळ्यात मोठा वाटा त्याचाच: ट्रिप्टोफॅनमागे ५५००, टायरोसीनमागे १४९०. दोन्ही नसलेलं प्रथिन २८० ला जवळजवळ दिसत नाही, म्हणजे ते नाही असं नव्हे. अमिनो आम्लांच्या विश्लेषणासाठी ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास उकळलंत तर इंडोल वलय नष्ट होतं आणि ट्रिप्टोफॅन शून्य येतं. ते हवं असेल तर वेगळा नमुना घेऊन अल्कलीत जलविच्छेदन करावं लागतं.

जीवाणूंच्या इंडोल चाचणीत खोटं ऋण उत्तर आलं तर आधी माध्यम पाहा. त्यात ग्लुकोज असेल तर ट्रिप्टोफॅन फोडणारं एन्झाइम बनतच नाही. १ टक्का ट्रिप्टोनचं माध्यम, ३७ अंश, २४ ते ४८ तास, मग कोव्हॅक अभिकर्मकाचे सुमारे पाच थेंब. लाल कडं वरच्या अल्कोहोलच्या थरात पाहायचं, खालच्या पाण्यात नाही. अभिकर्मक पिवळा असतो. तपकिरी झाला असेल तर नवा घ्या. दर वेळी ई. कोलाय धन नियंत्रण म्हणून आणि क्लेब्सिएला न्यूमोनी ऋण नियंत्रण म्हणून सोबत लावा.

पिरिडीन हाताळताना नायट्राइलचे नेहमीचे पातळ हातमोजे भरवशाचे नाहीत; पिरिडीन त्यांतून लवकर झिरपतं, ब्युटिल रबराचे घ्या. ते कोरडं करायला कॅल्शियम क्लोराइड नको, त्याच्याशी त्याचा जोड तयार होतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या किंवा ४ अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळण्या वापरा. अभिक्रियेनंतर उरलेलं पिरिडीन काढायला सेंद्रिय थर तांब्याच्या सल्फेटच्या द्रावणाने धुवा. पिरिडीन असेतोवर पाण्याचा थर गर्द निळा-जांभळा होत राहतो. तो मूळच्या फिकट निळ्यावर टिकला की थांबा. शेवटचा अंश टोल्युइन घालून दोन-तीनदा आटवला की जातो.